विश्लेषण : छातीतली गाठ ‘साधी’, तरी शस्त्रक्रिया का? फुफ्फुसावरणाचा दुर्मीळ ट्यूमर कसा ओळखतात, कसा काढतात?

हर्नियाचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन ठरते. भूल देण्याआधीच्या तपासण्यांमध्ये छातीचा एक्स-रे काढला जातो आणि त्यावर एक गोल, गुळगुळीत कडांची सावली दिसते. रुग्णाला खोकला नसतो, ताप नसतो, जिना चढताना दमही लागत नसतो. पुढे सीटी स्कॅन होतो, बायोप्सी होते आणि अहवालात कधीही न ऐकलेले नाव येते : ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ऑफ प्लुरा’. डॉक्टर सांगतात, गाठ बहुधा साधी आहे, पण काढावी लागेल. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. साधी आहे, तर छातीचे ऑपरेशन कशाला?

हा प्रश्न चुकीचा नाही. मात्र या गाठीच्या बाबतीत ‘साधी’ या शब्दाचा अर्थ नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. ही गाठ नेमकी काय असते, ती काढण्याचा सल्ला का दिला जातो आणि ऑपरेशननंतरही अनेक वर्षे तपासणी का चुकवू नये, याविषयी...

प्लुरा म्हणजे काय? गाठ कुठे येते?

फुफ्फुसे छातीच्या पिंजऱ्यात मोकळी ठेवलेली नसतात. त्यांच्याभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याला प्लुरा किंवा फुफ्फुसावरण म्हणतात. या आवरणाचे दोन पदर असतात. आतला पदर थेट फुफ्फुसाला चिकटलेला असतो, तर बाहेरचा पदर बरगड्यांच्या आतल्या बाजूला आणि श्वासपटलावर अस्तरासारखा बसलेला असतो. दोन्ही पदरांमध्ये काही मिलिलिटर द्रव असतो. इंजिनातल्या तेलाप्रमाणे तो घर्षण कमी करतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाला फुफ्फुस बरगड्यांवर न घासता सरकते.

या आवरणाच्या पृष्ठभागाखाली तंतुमय ऊतींचा एक थर असतो. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर तिथल्या पेशींपासून तयार होतो. दहापैकी साधारण आठ गाठी आतल्या, म्हणजे फुफ्फुसाला चिकटलेल्या पदरावर येतात. उरलेल्या बाहेरच्या पदरावर येतात. अनेक गाठींना देठ असतो. वेलीला दोडका लटकावा तशी ही गाठ आवरणाला देठाने लटकलेली असते. काही गाठींना मात्र देठ नसतो. त्या रुंद बुडाने आवरणावर बसलेल्या असतात. देठ आहे की नाही, यावर ऑपरेशन किती सोपे होईल आणि गाठ परत येण्याची शक्यता किती, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

हा आजार कोणाला होतो?

प्लुराच्या सर्व गाठींमध्ये या ट्यूमरचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी मानले जाते. तो पुरुष आणि स्त्रिया दोघांमध्ये जवळपास सारखाच आढळतो. बहुतेक रुग्ण पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यानचे असतात, पण तरुण वयातही तो होऊ शकतो.

रुग्णाच्या मनात येणारा पुढचा प्रश्न म्हणजे, ‘माझे काय चुकले?’ त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. धूम्रपान किंवा तंबाखूशी या गाठीचा संबंध आढळलेला नाही. प्लुराचा दुसरा, अधिक घातक कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. तो अॅस्बेस्टॉसच्या धुळीशी जोडलेला आहे. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरचा अॅस्बेस्टॉसशी असा संबंध नाही. हा आजार संसर्गजन्य नाही आणि साधारणपणे आईवडिलांकडून मुलांकडेही जात नाही.

एकाच गाठीला इतकी नावे कशी?

जुने वैद्यकीय अहवाल चाळले तर याच गाठीसाठी ‘बिनाइन मेसोथेलिओमा’, ‘लोकलाइज्ड फायब्रस ट्यूमर’, ‘प्लुरल फायब्रोमा’ अशी वेगवेगळी नावे सापडतात. याचे कारण असे, की ही गाठ नेमकी कोणत्या पेशींपासून होते यावर अनेक दशके एकमत नव्हते.

१९३१ मध्ये पॉल क्लेम्पेरर आणि कोलमन रॅबिन या अमेरिकेतील डॉक्टरांनी प्लुराच्या गाठींच्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एका जागी मर्यादित राहणाऱ्या गाठी आणि संपूर्ण आवरणावर पसरत जाणाऱ्या गाठी हे दोन वेगळे प्रकार आहेत, अशी मांडणी त्यांनी केली. पसरणारा प्रकार म्हणजे मेसोथेलिओमा. एका जागी राहणारा प्रकार म्हणजे आजचा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. पुढे सूक्ष्मदर्शक आणि पेशींना रंग देण्याची तंत्रे सुधारली, तेव्हा ही गाठ आवरणाच्या वरच्या थराची नसून खालच्या तंतुमय थराची आहे, हे स्पष्ट झाले.

शेवटचा दुवा २०१३ मध्ये सापडला. या गाठींच्या पेशींमध्ये १२ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील ‘एनएबी२’ आणि ‘स्टॅट६’ ही दोन शेजारची जनुके एकमेकांना जोडली गेलेली असतात, असे संशोधकांना आढळले. एनएबी२चे नेहमीचे काम पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या ब्रेकसारखे आहे. जोडणी चुकल्यावर तोच ब्रेक अॅक्सिलरेटरचे काम करू लागतो आणि पेशी वाढत राहतात. हा बिघाड जन्मजात नसतो, आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत घडतो. या शोधाचा थेट उपयोग आज निदानात होतो. बायोप्सीच्या तुकड्यावर स्टॅट६ची रंगचाचणी केली आणि पेशींच्या केंद्रकात रंग दिसला, की निदान बरेच पक्के होते.

लक्षणे कोणती?

जवळपास निम्म्या रुग्णांना कोणतेही लक्षण नसते. गाठ दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेवर किंवा सीटी स्कॅनमध्ये सापडते. लक्षणे दिसतात ती बहुतेक गाठ मोठी झाल्यावर. कोरडा खोकला, छातीत दुखणे किंवा जडपणा आणि दम लागणे ही त्यातली नेहमीची.

काही रुग्णांमध्ये खूण छातीऐवजी हातात दिसते. बोटांची टोके फुगून ढोलाच्या टिपरीसारखी गोल होतात, नखे घड्याळाच्या काचेसारखी फुगीर होतात आणि मनगटे व घोटे दुखतात. सांधेदुखी म्हणून त्यावर अनेक महिने उपचार होतात. बोटांची घरच्या घरी पाहण्याजोगी एक खूण आहे. दोन्ही हातांच्या त्याच बोटांची नखे एकमेकांना टेकवली, तर निरोगी माणसात नखांच्या मुळाशी शंकरपाळीच्या आकाराची छोटी फट दिसते. बोटे टिपरीसारखी झाली असतील तर ही फट नाहीशी होते. अर्थात, फट नाही म्हणजे हीच गाठ आहे असा निष्कर्ष काढू नये. फुफ्फुसाच्या, हृदयाच्या आणि यकृताच्या अनेक आजारांमध्ये असे होते. पण छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

छातीतल्या गाठीने शुगर कशी उतरते?

या आजाराची सर्वांत चकित करणारी बाजू हीच आहे. साधारण ५ टक्क्यांहून कमी रुग्णांमध्ये, आणि मुख्यतः गाठ फार मोठी असताना, रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. कार्ल डोगे आणि रॉय पॉटर या अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९३० मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा रुग्णांची नोंद केली. म्हणून याला ‘डोगे-पॉटर सिंड्रोम’ म्हणतात.

ही गाठ ‘आयजीएफ-२’ नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचे एक अर्धवट तयार झालेले, मोठ्या आकाराचे रूप रक्तात सोडते. हे रूप शरीरात इन्सुलिनसारखे वागते. स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि यकृत साखर सोडणे कमी करते. रात्रभर पोटात अन्न नसल्याने पहाटे त्रास वाढतो. घाम येणे, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे, असंबद्ध वागणे, प्रसंगी बेशुद्धी किंवा झटके. घरच्यांना हे फिट्सचे, अर्धांगवायूचे किंवा मानसिक आजाराचे लक्षण वाटू शकते.

मधुमेहाची औषधे घेत नसलेल्या व्यक्तीची शुगर वारंवार ६०-५०च्या खाली जात असेल, तर नुसते ग्लुकोज देऊन घरी पाठवणे पुरेसे नाही. अशा वेळी रक्तातील इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड तपासतात. साखर कमी असताना ही दोन्हीही कमी असतील, तर इन्सुलिनसारखे वागणारे दुसरे काहीतरी शरीरात आहे, असा संशय घेऊन छाती आणि पोटाचे स्कॅन केले जाते. गाठ पूर्ण निघाली की हा त्रास सहसा लगेच थांबतो.

निदानात चूक कुठे होते?

एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. मोठी गाठ छातीच्या खालच्या भागात असेल, तर ती ‘छातीत पाणी झाल्या’सारखी दिसू शकते. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो स्वाभाविकही आहे. पण सुई घालून पाणी निघाले नाही, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत किंवा क्षयाची औषधे घेऊनही सावली तशीच राहिली, तर सीटी स्कॅन टाळू नये.

सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार, कडा, रक्तपुरवठा आणि ती फुफ्फुसातून आली आहे की आवरणातून, याचा अंदाज येतो. कूस बदलल्यावर गाठीची जागा थोडी सरकली, तर तिला देठ असण्याची शक्यता वाढते. गाठ छातीच्या भिंतीला, श्वासपटलाला किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का, हे पाहण्यासाठी कधी एमआरआयची मदत घेतात. हायडॅटिड म्हणजे कृमीमुळे होणारी पाण्याची गाठही एक्स-रेवर अशीच गोल दिसते. तिच्यात सुई टोचणे धोक्याचे असते. म्हणून सुईआधी स्कॅन, हा क्रम महत्त्वाचा.

बारीक सुईने काढलेल्या नमुन्यात, म्हणजे एफएनएसीत, बहुधा मोजक्याच पेशी येतात आणि निदान अनिश्चित राहते. त्यामुळे सीटी स्कॅनच्या मदतीने जाड सुईची कोअर बायोप्सी अधिक उपयोगी ठरते. स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल आणि गाठ सहज काढता येण्यासारखी असेल, तर काही वेळा शल्यविशारद बायोप्सी न करता थेट गाठच काढून तपासणीला पाठवतात.

साधी आहे, तर थांबून का चालत नाही?

यामागे तीन कारणे आहेत. पहिले, बायोप्सी म्हणजे गाठीचा एक छोटासा तुकडा. मोठ्या गाठीचा एक भाग शांत आणि दुसरा भाग आक्रमक असू शकतो. सुई शांत भागात गेली, तर अहवाल ‘साधी’ असाच येईल. पूर्ण गाठ बाहेर काढून ठिकठिकाणचे काप तपासल्याशिवाय खरे स्वरूप कळत नाही. अमेरिकेतील सशस्त्र दलांच्या पॅथॉलॉजी संस्थेतील तज्ज्ञांनी १९८९ मध्ये २२३ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १४१ साध्या, तर ८२ घातक ठरल्या. अशा संस्थेकडे अवघड नमुने जास्त येतात. त्यामुळे एकूण रुग्णांमध्ये घातक गाठींचे प्रमाण यापेक्षा कमी असते. तरीही ‘साधी’ हे गृहीत धरता येत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

दुसरे कारण, सुरुवातीला साधी असलेली गाठ काळाच्या ओघात घातक रूप घेऊ शकते.

तिसरे कारण निव्वळ भूमितीचे आहे. गाठीचा व्यास दुप्पट झाला, की तिचे आकारमान आठपट होते. ५ सेंमी व्यासाच्या गोल गाठीचे आकारमान साधारण ६५ मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहापेक्षा थोडेसेच कमी-जास्त. १० सेंमीची गाठ अर्ध्या लिटरहून जास्त जागा घेते. १५ सेंमीची गाठ पावणेदोन लिटरच्या घरात जाते. ही जागा अर्थातच फुफ्फुसाच्या वाट्याची असते. ५ सेंमीला दुर्बिणीने निघणारी गाठ १५ सेंमीला छाती उघडून काढावी लागते. म्हणून वय, हृदय आणि फुफ्फुसांची ताकद साथ देत असेल, तर लवकर काढणे हाच सर्वसाधारण सल्ला असतो. वय फार असेल किंवा इतर आजार गंभीर असतील आणि गाठ लहान असेल, तर ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

शस्त्रक्रिया कशी होते?

लहान आणि देठ असलेल्या गाठीसाठी आज दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे ‘व्हॅट्स’, केली जाते. पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत दोन मार्गिका असलेली खास नळी घालतात. तिच्यामुळे एका फुफ्फुसाचा श्वास चालू ठेवून गाठीच्या बाजूचे फुफ्फुस तात्पुरते मिटवता येते. फुफ्फुस मिटले की छातीत काम करायला जागा मिळते. रुग्णाला कुशीवर झोपवून बरगड्यांच्या मधून एक ते तीन छोटे छेद घेतात. एकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून उपकरणे.

गाठ देठापाशी नुसती छाटून चालत नाही. देठ जिथून निघतो, त्या ठिकाणच्या फुफ्फुसाचा छोटा पाचरीसारखा तुकडाही सोबत काढतात. गाठीभोवती किमान एक ते दोन सेंटिमीटर निरोगी कड मिळावी, असा प्रयत्न असतो. त्यासाठी स्टेपलर वापरतात. हे उपकरण एकाच वेळी कापते आणि दोन्ही कडांना टाके घालून हवा व रक्त गळणे थांबवते. सुटलेली गाठ आतच एका पिशवीत घालून बाहेर काढतात. तिच्या पेशी छेदाच्या जागी सांडून तिथे नवी गाठ रुजू नये, हा त्यामागचा हेतू.

गाठ बाहेरच्या पदरावर असेल, तर तो पदर बरगड्यांपासून सोलून गाठीसकट काढतात. ती भिंतीत रुतली असेल, तर बरगडीचा भागही काढावा लागू शकतो. मोठे भगदाड राहिले तर जाळी बसवून ते बंद करतात. गाठ फुफ्फुसाच्या आत खोल वाढलेली असेल, तर त्या फुफ्फुसाचा एक कप्पा काढण्याची वेळ येते. संपूर्ण फुफ्फुस क्वचितच काढावे लागते.

मोठ्या गाठीत अवघड काय?

छातीची निम्मी बाजू भरून टाकणारी गाठ काढताना शल्यविशारदासमोरची पहिली अडचण म्हणजे दिसत काहीच नाही. गाठ इतकी मोठी असते, की तिच्यामागचा देठ आणि रक्तवाहिन्या नजरेस येत नाहीत. अशा वेळी बरगड्यांमधून मोठा छेद घेऊन, म्हणजे थोरॅकोटॉमी करून, छाती उघडतात. कधी एकाच बाजूला दोन ठिकाणी छेद घ्यावे लागतात, तर कधी छातीचे मधले हाड कापून आत जावे लागते.

दुसरी अडचण रक्तस्रावाची. अशा गाठींना छातीच्या भिंतीतून, स्तनाच्या बाजूच्या आणि श्वासपटलाच्या धमन्यांमधून भरपूर रक्त मिळते. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी अँजिओग्राफी करून या धमन्या आतून बंद करण्याचा पर्याय काही रुग्णांमध्ये वापरतात. त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. रक्तपेढीत रक्ताची तयारी आधीच ठेवली जाते.

तिसरी अडचण भूल देणाऱ्या डॉक्टरांची. रुग्ण उताणा झोपल्यावर आणि स्नायू सैल पडल्यावर गाठीचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर व श्वासनलिकेवर येऊन रक्तदाब कोसळू शकतो. शुगर उतरण्याचा त्रास असेल, तर ऑपरेशनभर ग्लुकोज चालू ठेवून वारंवार साखर मोजावी लागते. गाठ निघाल्यावर अनेक महिने दबलेले फुफ्फुस एकदम उलगडले, तर त्यात पाणी भरू शकते. म्हणून ते हळूहळू फुगवतात. ही सगळी तयारी लागते, त्यामुळे मोठ्या गाठीचे ऑपरेशन छातीच्या शस्त्रक्रिया नियमित होणाऱ्या आणि सुसज्ज आयसीयू असलेल्या रुग्णालयातच करणे योग्य.

ऑपरेशननंतर काय?

शुद्धीवर आल्यावर छातीतून बाटलीकडे जाणारी एक नळी दिसते. तिला घाबरण्याचे कारण नसते. आत साठणारी हवा, रक्त आणि पाणी बाहेर जावे आणि फुफ्फुस पूर्ण फुगावे, यासाठी ती असते. हवा गळणे थांबले आणि पाणी कमी झाले, की ती काढतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेक रुग्ण काही दिवसांत घरी जातात. छाती उघडली असेल तर मुक्काम वाढतो आणि बरगड्यांच्या जागी दुखणे काही आठवडे राहू शकते.

या काळात रुग्णाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे श्वासाचे व्यायाम. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर अनेकांच्या घरी असतो. त्यात हवा फुंकायची नसते, ओढायची असते. ही चूक बरेच जण करतात. दुखते म्हणून खोकला दाबून ठेवला, तर कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. छातीला उशी धरून खोकायला आणि शक्य तितक्या लवकर चालायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. वेदनाशामक औषधे ‘सहन होते’ म्हणून टाळू नयेत. वेदना कमी असली तरच खोल श्वास घेता येतो.

गाठ परत येते का?

काढलेल्या गाठीचा अहवाल आला, की त्यात चार गोष्टी पाहायच्या असतात. गाठीचा आकार, तिच्यातील पेशींच्या विभाजनाचा वेग, मृत पेशींचे भाग आणि कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का. सूक्ष्मदर्शकाच्या १० क्षेत्रांमध्ये ४ पेक्षा जास्त पेशी विभाजन होताना दिसल्या, तर ते आक्रमकतेचे लक्षण मानतात. अलीकडे पॅथॉलॉजिस्ट ‘साधी’ किंवा ‘घातक’ असा एकच शिक्का मारण्याऐवजी रुग्णाचे वय, गाठीचा आकार, विभाजनाचा वेग आणि मृत पेशी यांचे गुण मोजून कमी, मध्यम किंवा जास्त धोका असे वर्गीकरण करू लागले आहेत.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातील आकडे आजही संदर्भासाठी वापरले जातात. देठ असलेल्या साध्या गाठी पूर्ण काढल्यावर परत येण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के आहे, तर देठ नसलेल्या साध्या गाठींमध्ये ते सुमारे ८ टक्के. देठ असलेल्या घातक गाठींमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के, आणि देठ नसलेल्या घातक गाठींमध्ये मात्र सुमारे ६३ टक्क्यांवर जाते. म्हणजे बहुसंख्य रुग्णांसाठी एक ऑपरेशन पुरेसे ठरते. कोणत्या गटात आपण आहोत, हे मात्र डॉक्टरांकडून समजून घेतले पाहिजे.

खरा धोका वेगळाच आहे. अहवालात ‘बिनाइन’ वाचले, की फाइल कपाटात जाते आणि तपासणी थांबते. ही गाठ दहा-पंधरा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणे आहेत. वेळेत सापडली, तर ती दुसऱ्यांदाही काढता येते. उशिरा सापडली, तर मार्ग कमी होतात. म्हणून पहिली काही वर्षे ठरावीक अंतराने आणि नंतर वर्षाला एकदा स्कॅन करून घेण्याचा सल्ला दिला जातो. ऑपरेशनआधी ज्यांची शुगर उतरत होती, त्यांना तोच त्रास पुन्हा सुरू झाला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

ऑपरेशनशिवाय उपचार आहेत का?

साध्या गाठीवर औषधाने बरे होण्याचा उपाय आज नाही. आयुर्वेदिक काढा, लेप किंवा पथ्याने ती विरघळत नाही. अशा प्रयोगांत वर्ष-दीड वर्ष गेले, तर गाठ तेवढी वाढलेली असते. पूर्ण न निघालेल्या किंवा कडांवर पेशी राहिलेल्या गाठींसाठी रेडिओथेरपीचा विचार होतो. घातक गाठ पसरली असेल, तर नव्या रक्तवाहिन्या तयार होणे रोखणारी औषधे वापरली जातात. त्यांनी गाठ काही काळ आटोक्यात राहू शकते, पण पूर्ण शस्त्रक्रियेची जागा ती घेत नाहीत.

डॉक्टरांना काय विचारावे?

पहिल्या भेटीत धांदल होते आणि प्रश्न विसरतात. ते मोबाइलमध्ये लिहून नेलेले बरे. गाठ आतल्या पदरावर आहे की बाहेरच्या? देठ दिसतो का? दुर्बिणीने काढता येईल का, आणि मध्येच छाती उघडावी लागण्याची शक्यता किती? फुफ्फुसाचा किती भाग जाईल? रक्ताची किती तयारी लागेल? नमुन्यावर स्टॅट६ची चाचणी होईल का? पुढचे स्कॅन केव्हा?

खर्चाच्या बाबतीत, दाखल होण्याआधीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन चौकशी करावी. नियोजित शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी घ्यावी लागते, त्यामुळे हे काम आदल्या दिवशी होत नाही. खासगी विमा असेल तर तोच नियम.

आणि शेवटी कागदपत्रे. सीटी स्कॅनची सीडी, ऑपरेशनची टिपणे, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शक्य असल्यास ब्लॉक व स्लाइड कुठे ठेवल्या आहेत याची नोंद, हे सगळे एकत्र ठेवावे. अहवालांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावेत. दहा वर्षांनी रुग्णालय बदलले, डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी जुना स्कॅन समोर असला की नवी सावली ओळखायला वेळ लागत नाही. या आजारात गाठ साधी असणे ही चांगली बातमी आहेच. ती तशीच राहावी, यासाठी वर्षाकाठची ती एक तपासणी चुकवू नये.